रहाट आणि पाळणा

जत्रेतल्या त्या उंच फिरत्या चाकाला मराठीत निदान तीन नावं आहेत. वर्तमानपत्रं त्याला आकाशपाळणा म्हणतात. तिकीटखिडकीवरच्या रंगीत पाटीवर ‘जायंट व्हील’ असं देवनागरीत लिहिलेलं असतं. आणि जुन्या बोलण्यात त्याला रहाटपाळणा म्हणतात. मुलांना ह्यातलं काहीच लागत नाही, त्यांना नुसतं ‘पाळण्यात’ बसायचं असतं.

तिन्हींमध्ये मला रहाटपाळणा हा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो. आकाशपाळणा दिसायला देखणा आहे, पण तो यंत्राची फक्त उंची सांगतो. जायंट व्हीलही तेवढंच सांगतं. रहाटपाळणा मात्र ते यंत्र कुठून आलं हेही सांगतो आणि ते चालतं कसं हेही. एका जोडशब्दात त्या वस्तूचा वंश आणि तिची रचना दोन्ही आली आहेत, आणि असं भाग्य फार थोड्या यंत्रांच्या नावांना लाभतं.

आधी रहाट घेऊ. संस्कृतातला शब्द अरघट्ट. प्राकृतात त्याचं अरहट्ट झालं, पुढे आरंभीचा अ गळाला आणि मराठीत रहाट, हिंदीत रहट उरलं. अर म्हणजे चाकाचा आरा. बैलगाडीच्या चाकातल्या लाकडी दांड्यांना आपण आजही आरे म्हणतो, तोच हा शब्द. मागच्या घट्टमध्ये कोणाला पाण्याचा घट दिसतो, तर कोणाला घट्ट् हा धातू, म्हणजे हलवणं, आपटणं. जुन्या अरघट्टाला दातेरी चाकं होती की गाडगी थेट चाकाच्या कडेलाच बांधलेली असत, ह्यावर इतिहासकारांनी बराच वाद घातला आहे. इंग्रजांनी मात्र आपल्याकडच्या रहाटाला ‘पर्शियन व्हील’ म्हणून टाकलं आणि तेच नाव शेतकीच्या पुस्तकांतून रूढ झालं.

देशावर विहिरीवर मोट चालायची, कारण पाणी खोल. कोकणात, वसईच्या वाड्यांत, चौल-रेवदंड्याच्या आगरांत पाणी वर असे आणि नारळ-सुपारीला ते रोज हवं असे, म्हणून तिथे रहाट. बैल किंवा रेडा विहिरीशेजारी गोल फिरायचा. त्याच्या फिरण्याने एक आडवं दातेरी चाक फिरायचं, त्याचे दाते उभ्या चाकाच्या दात्यांत अडकून ते विहिरीच्या तोंडावर फिरू लागायचं. त्या उभ्या चाकावरून दोराची लांब माळ विहिरीत सोडलेली, आणि माळेला हातभर अंतरावर मातीची गाडगी बांधलेली. गाडगी एका बाजूने तोंड खाली करून उतरायची, पाण्यात बुडून भरायची, दुसऱ्या बाजूने भरलेली वर यायची आणि चाकाच्या माथ्यावर कलंडून पन्हळीत ओतली जायची. पन्हळीतून पाणी पाटात आणि पाटातून झाडाच्या आळ्यात. ही गाडग्यांची माळ म्हणजेच रहाटगाडगं. संसाराचं रहाटगाडगं हा वाक्प्रचार आता ज्या घरांत सहज वापरला जातो, त्यांतल्या बहुतेकांनी गाडगी लावलेला रहाट पाहिलेला नसतो. तरी शब्दाची धार गेलेली नाही. भरणं, वर येणं, रिकामं होणं आणि पुन्हा खाली जाणं, हे त्या एका शब्दात आजही ऐकू येतं.

ह्या रहाटाचं गोत मोठं आहे. गुजरातीत तो रेंट झाला, आणि रेंटापासून रेंटियो, म्हणजे चरखा. गांधीजींची तिथीने येणारी जयंती गुजरातेत रेंटिया बारस म्हणून पाळतात. मराठीतही सूत कातायच्या चरख्याला पूर्वी रहाट म्हणत, आणि घरच्या विहिरीवर दोर ओढायला जे लाकडी चाक असतं त्यालाही रहाटच म्हणतात. तमिळमधला राट्टिनम चरखाही आहे आणि जत्रेतला पाळणाही. तेलुगूत राट्नम म्हणजे चरखा, आणि त्याच्याआधी रंग लावले की रंगुलराट्नम, जत्रेतलं फिरतं चाक. पाणी काढणारं, सूत काढणारं आणि माणसाला फिरवून आणणारं, अशा तिन्ही चाकांना ह्या देशातल्या भाषांनी एकाच कुळात बसवलं. ते मला योग्यच वाटतं. खेड्यात अक्षावर फिरणारी चाकं होती तरी किती? गाडीचं, कुंभाराचं, विहिरीचं आणि चरख्याचं. जत्रेतलं चाक बांधणाऱ्या सुताराने पहिलं चाक विहिरीवरच पाहिलं असणार.

आता पाळणा. पाळणं ह्या क्रियापदाशी त्याचं नातं आहे, आणि मराठीत ह्या वस्तूभोवती बोलण्याचं एक सबंध घर उभं राहिलं आहे. घरात पाळणा हलतो तेव्हा मूल जन्मलेलं असतं. बारशाला म्हणतात ते गाणंही पाळणाच. सरकारने कुटुंबनियोजन सांगायला घेतलं तेव्हा ‘पाळणा लांबवा’ असं म्हटलं आणि ते कोणालाही वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. पाळणाघर तर आता शहरातला रोजचा शब्द झाला. मराठीत टांगून झुलणाऱ्या वस्तूंना शब्दांची ददात नाही. झोपाळा आहे, झोका आहे, हिंदोळा आहे, वऱ्हाडात बंगई आहे. जत्रेतल्या चाकासाठी भाषेने त्यांतला पाळणाच का उचलला? झोक्यावर आपण आपल्या पायाने जोर घेतो. पाळण्यात ठेवलेल्या जिवाला काही करावं लागत नाही, दोरी दुसऱ्याच्या हातात असते. जत्रेतल्या चाकात बसणाऱ्याची स्थिती हीच.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट रचनेची आहे. पाळणा वरून टांगलेला असतो. त्याची टांगायची जागा कुठेही नेली, कशीही फिरवली, तरी पाळण्याचा तळ जमिनीकडेच राहतो, कारण त्याचं वजन टांगणीच्या खाली असतं. रहाटाचं गाडगं ह्याच्या नेमकं उलट. ते माळेला घट्ट बांधलेलं असतं आणि चाकाच्या माथ्यावर आलं की त्याला कलंडावंच लागतं, नाहीतर पाणी पन्हळीत पडणार कसं! जत्रेतल्या चाकावर माणूस माथ्यावर आला की त्याला कलंडू द्यायचं नसतं. तेव्हा ज्या कोणी पहिल्यांदा रहाटाच्या चाकावरून गाडगी सोडवली आणि त्यांच्या जागी पाळणे टांगले, त्याने एकच बदल केला आणि त्यातून नवं यंत्र जन्माला आलं. रहाट अधिक पाळणा. ह्या यंत्राची कृती कोणी विचारली तर उत्तर म्हणून हा जोडशब्दच सांगता येईल.

युरोपी प्रवाशांनी ह्या चाकाबद्दल जे लिहून ठेवलं त्यांत सतराव्या शतकातली दोन वर्णनं प्रसिद्ध आहेत आणि दोन्ही तुर्कांच्या राज्यातली आहेत. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६१५ साली इस्तंबूलमध्ये होता. रमजानच्या सणात तिथे उभारलेल्या मोठ्या चाकात तो बसला. वेगाने वर-खाली जाण्यात त्याला फार मजा आली, पण शेजारी बसलेल्या एका ग्रीक माणसाला ते सोसेना आणि तो ‘पुरे, पुरे’ म्हणून ओरडू लागला, असं त्याने लिहिलं आहे. हाच देल्ला व्हाल्ले पुढे हिंदुस्थानात आला आणि १६२३ साली चौलवरून गोव्याला पोचला. त्याच्या पत्रांतून त्या काळच्या कोकण किनाऱ्याचं चित्र मिळतं, म्हणून आपल्या इतिहासकारांनाही तो परका नाही.

दुसरा प्रवासी इंग्रज, पीटर मंडी. १६२० साली तो आजच्या बल्गेरियातल्या प्लॉव्हडिव्ह शहरात होता. तिथल्या सणात त्याने झोक्यांचे निरनिराळे प्रकार पाहिले आणि त्यांत एक उभं चाक होतं. मुलं चाकाच्या कडेने बसवलेली, कधी वर तर कधी खाली, आणि तरीही नेहमी सरळ बसलेली, हे त्याने आवर्जून नोंदवलं. मंडीच्या नजरेला मी मानतो. पहिल्यांदा ते चाक पाहणाऱ्या माणसाची नजर उंचीवर किंवा रंगावर जाते. ह्याची नजर मुलं उलटी का होत नाहीत इकडे गेली. हाही पुढे कंपनीच्या चाकरीत सुरतेला आला.

इस्तंबूलच्या त्या चाकाला तुर्की भाषेत द्योन्मे दोलाप म्हणतात. द्योन्मे म्हणजे फिरता. दोलाप हा शब्द फारसीतल्या दूलाबवरून आला आणि दूलाब म्हणजे रहाट. त्यातला आब म्हणजे पाणी हे आपल्याला गुलाबामुळे ठाऊक आहे, आणि आधीचा शब्द बादलीचा, पोहऱ्याचा. मराठीत पाणी आणायची डोलची त्याच घरातली. म्हणजे तुर्कांनीही जत्रेतल्या चाकाचं नाव विहिरीवरूनच उचललं.

स्पेनमध्येही तेच. तिथे ह्या चाकाला नोरिया म्हणतात. हा शब्द अरबी नाऊरावरून आला, आणि अरब लोक स्पेनमध्ये सिंचनाची विद्या घेऊन गेले तेव्हा चाकाबरोबर त्याचं नावही गेलं. सीरियात ओरोंतेस नदीच्या काठी हमा शहरात असे लाकडी नाऊरा आजही उभे आहेत, त्यांतल्या सर्वांत मोठ्याचा व्यास सुमारे वीस मीटर आहे. ज्या धातूपासून नाऊरा आला त्याचा अर्थ घोरणं, कण्हणं. लाकडी अक्षावर ओलं चाक फिरताना जो आवाज करतं तेच त्याचं नाव झालं. रहाटाची कुरकुर ज्याने ऐकली आहे त्याला ते लगेच पटेल.

मराठी, तुर्की, स्पॅनिश. तीन भाषा, तीन निराळी शब्दकुळं, आणि तिघींनी आपापल्या विहिरीकडे पाहून जत्रेतल्या चाकाचं बारसं केलं. कोणी कोणाचं पाहून केलं असं दिसत नाही. ज्या मुलखात पाणी चाकाने वर चढवायची रीत मुरलेली होती, तिथल्या माणसांना हे नातं सांगावं लागलं नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी ह्या शब्दांच्या मागे लागलो, आणि ती हाती आली तेव्हा मनापासून आनंद झाला.

मग जगभर फेरिस व्हील हे नाव कुठून आलं? ते एका माणसाचं आडनाव आहे. जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस, जन्म १८५९, इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग गावचा. आपल्या कानाला त्यात फेरी आणि फेरा ऐकू येतो आणि नाव जणू मुद्दाम ठेवल्यासारखं वाटतं, पण तो निव्वळ योगायोग.

पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनात आयफेल मनोरा उभा राहिला आणि चार वर्षांनी शिकागोत प्रदर्शन भरायचं ठरलं, तेव्हा अमेरिकेला त्या मनोऱ्याला उत्तर द्यायचं होतं. बांधकामाचा प्रमुख डॅनियल बर्नहॅम ह्याने देशातल्या इंजिनियरांना आव्हान दिलं. उंच मनोरे सुचवणारे बरेच निघाले. फेरिसचा धंदा पिट्सबर्गमध्ये पुलांचं पोलाद तपासायचा. त्याने उभं राहणारं काही सुचवण्याऐवजी फिरणारं सुचवलं. अशी लाकडी चाकं अमेरिकेत आधीपासून होती. विल्यम सोमर्स नावाच्या माणसाने १८९२ साली अटलांटिक सिटीसारख्या समुद्रकाठच्या गावांत पन्नास फुटी चाकं लावली होती आणि नंतर त्याने फेरिसवर दावाही लावला, तो टिकला नाही. फेरिसने केलं ते असं की चाक लाकडातून पोलादात आणलं आणि पन्नास फुटांवरून २६४ फुटांवर नेलं.

त्या चाकाचे आरे ही खरी पाहण्याची गोष्ट. बैलगाडीचा आरा जाड असतो, कारण त्याला भार दाबून पेलायचा असतो. फेरिसच्या चाकाचे आरे बारीक सळ्यांचे होते, सायकलच्या तारांसारखे ताणावर काम करणारे. चाकाची कड ही अक्षाला वरून लटकलेली असे. बघणाऱ्यांना वाटे की एवढ्याशा सळ्यांवर एवढं ओझं राहणार नाही, पहिल्याच वादळात सगळं कोसळेल. ते कोसळलं नाही. अक्ष पंचेचाळीस फूट लांबीचा, एकसंध घडवलेल्या पोलादाचा, सुमारे पंचेचाळीस टनांचा होता. चाकाला ३६ डबे होते, एकेका डब्यात साठ माणसं मावत. म्हणजे पूर्ण भरलं तर एका वेळी २१६० माणसं. आणि हे डबेही कडेला टांगलेलेच होते. एवढ्या अजस्र यंत्रातही पाळण्याचा नियम तसाच राहिला.

प्रदर्शन १ मेला उघडलं, पण चाक तयार व्हायला २१ जून १८९३ उजाडला. त्याआधीच्या चाचणीत बसलेल्या पहिल्या प्रवाशांत फेरिसची पत्नी मार्गारेट होती. तिकीट पन्नास सेंट, म्हणजे प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकंच. त्यात दोन फेरे मिळत. पहिला थांबत थांबत, कारण खाली माणसं चढत-उतरत. दुसरा न थांबता नऊ मिनिटांचा. ज्या मोकळ्या पट्ट्यात हे चाक उभं होतं त्याचं नाव मिडवे प्लेझन्स. अमेरिकेत त्यानंतर कुठल्याही जत्रेतल्या खेळांच्या भागाला मिडवे म्हणू लागले. एका प्रदर्शनाने भाषेला असे दोन शब्द दिले.

फेरिसला मात्र त्या प्रदर्शनातून सुख लागलं नाही. प्रदर्शन संपल्यावर पैशांवरून भांडणं झाली, कर्ज वाढलं, आणि २२ नोव्हेंबर १८९६ रोजी पिट्सबर्गमध्ये विषमज्वराने तो गेला. वय सदतीस. अंत्यविधीचे पैसे चुकते न झाल्यामुळे त्याच्या अस्थी वर्षाहून अधिक काळ तिथेच पडून होत्या. चाक शिकागोत दुसऱ्या जागी हललं, १९०४ च्या प्रदर्शनासाठी सेंट लुइसला गेलं आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडलं. जगभर ज्याचं नाव घेतलं जातं, त्याला आपलं चाक तीन वर्षंच पाहायला मिळालं. आडनाव मात्र असं रुजलं की ते कोणा माणसाचं होतं हेही लोक विसरले.

काही भाषांनी फेरिसचं नाव घेतलंच नाही. त्यांनी चाक दुसऱ्या गावाच्या माथी मारलं. चेक लोक त्याला रशियन चाक म्हणतात. इक्वेडोरमध्ये ते मॉस्कोचं चाक आहे, कोलंबियात शिकागोचं. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये पॅरिसचं चाक. पॅरिसमध्ये १९०० च्या प्रदर्शनासाठी सुमारे शंभर मीटर उंचीचं चाक उभारलं होतं, त्याचं हे नाव. पहिल्या महायुद्धानंतर ते चाक मोडलं आणि त्याचे डबे उत्तर फ्रान्समध्ये घरं गमावलेल्या कुटुंबांना राहायला दिले. ज्या डब्यांत बसून लोकांनी हौसेने शहर पाहिलं, त्यांतच पुढे चुली पेटल्या. स्वीडिश मुलं अजून पॅरिसच्या चाकात बसायला जातात.

आणि रशियन लोक स्वतः काय म्हणतात? एक नाव आहे पाहणीचं चाक, दुसरं सैतानाचं चाक. पोलंडमध्ये सैतानाची चक्की. फिनलंडमध्ये जगाचं चाक. फारसीत चर्ख-ओ-फलक, चाक आणि आभाळ, आणि हे नाव मला आपल्या आकाशपाळण्याच्या सर्वांत जवळचं वाटतं. व्हिएन्नाचं रीझेनराड म्हणजे राक्षसी चाक, म्हणजे जायंट व्हीलच. ते १८९७ साली इंग्रज इंजिनियर वॉल्टर बॅसेट ह्याने बांधलं आणि अजून फिरतं आहे. त्याचा मालक एडुआर्ड श्टाइनर ज्यू होता. नाझींनी ते चाक हिरावून घेतलं आणि १९४४ साली ऑशविट्झच्या छळछावणीत त्याला मारलं. युद्धात जळालेलं चाक पुन्हा उभं केलं तेव्हा तीस डब्यांऐवजी पंधराच लावले, ते तसेच आहेत.

रशियन ‘पाहणीचं चाक’ आणि जपानी कानरान्शा ह्या नावांत एक निराळी जाण आहे. कानरान म्हणजे पाहणं, प्रेक्षण. इथे नाव चाकाचं किंवा टांगणीचं नाही, वर गेल्यावर जे करायचं त्याचं आहे. लंडनच्या १३५ मीटर उंच चाकाचं नाव तर नुसतं डोळा, लंडन आय. डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफील्ड ह्या वास्तुकार दांपत्याने त्याची कल्पना काढली. त्याचा एक फेरा अर्ध्या तासाचा असतो, इतका सावकाश की चढण्या-उतरण्यासाठी ते सहसा थांबवत नाहीत. आणि रचनेतही फरक आहे. त्याच्या ३२ काचेच्या कुप्या चाकाच्या कडेच्या बाहेर बसवलेल्या आहेत आणि चाक फिरेल तशा मोटरने उलट फिरवून त्या सपाट ठेवल्या जातात. त्या टांगलेल्या नाहीत. शब्दाला धरून बोलायचं तर लंडनचं चाक हा पाळणा नव्हे, आणि म्हणूनच त्याला आकाशपाळणा म्हणताना माझी जीभ अडखळते. चार शतकं चाललेला टांगणीचा नियम तिथे खऱ्या अर्थाने संपला.

दुबईत २०२१ साली २५० मीटर उंचीचं चाक सुरू झालं. त्याचं नाव ऐन दुबई. ऐन म्हणजे अरबीत डोळा, आणि ते लंडनच्या चालीवरच ठेवलं आहे. पण अरबीत ऐन म्हणजे पाण्याचा झराही. ठेवणाऱ्यांच्या मनात डोळाच असणार, पण अरबी ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ ऐकू आल्याखेरीज राहत नसेल.

आपल्याकडच्या भाषांनी पाहण्याला महत्त्व दिलं नाही, त्यांनी झुलण्याला दिलं. गुजरातीत चकडोळ, बंगालीत नागरदोला. एकीत डोल आहे, दुसरीत दोला. ह्याला कारण आपल्या जत्रेतलं चाक कसं फिरतं ह्यात आहे. ते लहान असतं आणि जोरात फिरतं. पाच मीटर त्रिज्येचा पाळणा आठ सेकंदांत एक फेरा घेत असेल तर माथ्यावर आपल्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि तळाशी तेवढाच वाढतो. मराठीने ह्यासाठी ‘पोटात गोळा येणं’ असा नेमका वाक्प्रचार ठेवला आहे. लंडनच्या चाकात बसून गोळा येत नाही, तिथे लोक फोटो काढतात. मला दोन्ही आवडतात, पण निवड करायची वेळ आली तर मी जत्रेकडे वळेन.

छोट्या जत्रांत अजूनही हाताने फिरवायचे पाळणे येतात. चार किंवा सहा पेट्या, लोखंडी किंवा लाकडी सांगाडा, मोटर नाही. खाली उभा असलेला माणूस येणारी पेटी धरून खाली खेचतो आणि पुढे ढकलतो. दुसरा सांगाड्यावर चढतो, वरच्या दांड्याला लोंबकळतो आणि स्वतःच्या वजनाने चाक खाली आणतो, जमिनीजवळ आला की उडी टाकून पुन्हा पलीकडच्या बाजूने चढतो. वजनाचा तोल हे त्यांचं सगळं शास्त्र. एका बाजूला माणसं भरली की समोरच्या पेटीत तितकीच बसवतात, एकटं मूल आलं तर त्याच्या समोर मोठ्या माणसाला बसवत नाहीत. रहाटावर भरलेली गाडगी एकाच बाजूला असत, म्हणून बैलाला सतत ओढावं लागे. इथे दोन्ही बाजू सारख्या भरल्या की दोन माणसांच्या अंगबळावर अख्खं चाक फिरतं.

वर-खाली होणाऱ्या चाकात माणसाला दैव दिसलं नसतं तरच नवल. मेक्सिकोत जत्रेतल्या चाकाला दैवाचं चाक म्हणतात. मेघदूतात कालिदासाने माणसाची दशा चाकाच्या धावेसारखी खाली-वर जाते असं म्हटलं. शूद्रकाने मृच्छकटिकाच्या शेवटी तर थेट रहाटच घेतला. वधस्तंभापासून परत आलेला चारुदत्त दैवाला कूपयंत्रघटिकेची उपमा देतो: विहिरीवरच्या यंत्राची गाडगी, कोणी भरतं, कोणी रिकामं होतं. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं तेव्हा कोकणातून आलेल्या प्रेक्षकाला ही उपमा उलगडून सांगायची गरज पडली नसणार.

रहाटपाळणा हा शब्द आता बोलण्यातून कमी होत चालला आहे, हे मला खटकतं. रहाट विहिरीवरून गेला, त्या जागी पंप आला, आणि शब्दाचा अर्धा भाग नव्या कानांना मुका झाला. आकाशपाळणा टिकेल, कारण आकाश सगळ्यांना दिसतं. पण सोलापूरच्या गड्डा जत्रेत दर जानेवारीत पाळणे उभे राहतात, माहीमला डिसेंबरात, वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरात. तिथे पाट्या रंगवणारे दर वर्षी नव्याने रंगवतात. जायंट व्हीलच्या जागी रहाटपाळणा लिहायला अक्षरं एकदोनच जास्त लागतील, आणि रंग तेवढाच.